रविवारचं टोकन थांबवा, आधी त्याची जुनी इमारत बघा

पत्र:

ताई, नमस्कार. आम्ही लातूरचे. यजमानांची बदली चाकणच्या कारखान्यात झाली आणि येत्या मे महिन्यात आम्ही सगळे पुण्याला येतोय. आम्ही दोघं, सासूबाई आणि आठवीत जाणारी मुलगी. लातूरचं घर विकलं, पैसे बँकेत आहेत. दोन महिन्यांत चार फेऱ्या मारून तीन घरं बघितली. वाघोलीला एका मोठ्या नावाच्या बिल्डरचा बावीस मजली टॉवर, ६८ लाख, ताबा अडीच वर्षांनी. मोशीला एका लहान बिल्डरची तयार इमारत, ७४ लाख, ती माझ्या धाकट्या दिरांच्या ओळखीतली. तिसरं चिखलीजवळ, दोन गुंठ्यांवर चार मजले, ३६ लाख. तिथे "आत्ता नोटरी करून देतो, रजिस्ट्रीचं पुढे बघू" म्हणतात. वाघोलीवाले म्हणतात, रविवार संध्याकाळपर्यंत एक लाखाचं टोकन दिलं तर चार लाख सूट. लातुरात घर बांधलं तेव्हा सासऱ्यांनी त्यांच्या माहितीतल्या मिस्त्रीला डोळे झाकून काम दिलं होतं. इथे आम्हाला कुणी ओळखत नाही आणि आम्ही कुणाला ओळखत नाही. चांगला बिल्डर कोणता, तेवढं एक नाव सांगा.
— एक वाचक, लातूर

उत्तर:

नमस्कार. पत्रातला रविवार जवळ आलाय म्हणून हे उत्तर तुम्हाला आधी मेलवर पाठवलं. इथे छापतेय ते याच कोड्यात पडलेल्या बाकीच्यांसाठी.

टोकन देऊ नका. अडीच वर्षांनी पूर्ण होणाऱ्या बावीस मजली इमारतीतले फ्लॅट एका रविवारी संपत नाहीत. महारेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांची नोंदणी करून त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं पान उघडा, एकूण फ्लॅट किती आणि बुक झालेले किती ते तिथे लिहिलेलं असतं. निम्म्याहून जास्त रिकामे दिसले तर चार लाखांची सूट पुढच्या रविवारीही मिळेल, कदाचित पाच लाखांची मिळेल. एकोणतीस वर्षं मी बांधकामाच्या साइटवर काढली, त्यातली बरीचशी सेल्स ऑफिसच्या शेजारच्या खोलीत बसून. "आजच्या आज" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकलंय.

आणि यजमानांनी तोवर पैसे देऊन टाकले असतील तर घाबरू नका. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ६८ लाखांवर ही मर्यादा ६ लाख ८० हजार होते. बुकिंग रद्द केलं तर किती कापायचं याचे टप्पे महारेराने वाटपपत्राच्या (बुकिंग करताना बिल्डर देतो त्या पत्राच्या) नमुन्यात ठरवून दिलेत. जितक्या लवकर रद्द कराल तितकं कमी कापलं जातं, तेव्हा मन बदललं तर दिवस घालवू नका आणि फोनवर सांगून थांबू नका, लेखी कळवा.

आता नावाचं. नाव मी सांगणार नाही आणि त्याचं कारण तुमच्या पत्रातच आहे. सासऱ्यांनी मिस्त्रीला डोळे झाकून काम दिलं असं तुम्ही लिहिता, पण मला वाटतं त्यांचे डोळे चांगले उघडे होते. त्या मिस्त्रीने आळीत बांधलेली पाच-सहा घरं ते रोज येता-जाता बघत होते. पावसाळ्यात कोणाच्या गच्चीखाली पातेलं ठेवावं लागतं, कोणाचा जिना वर्षात खचला, मिस्त्री उचल घेऊन पळतो की निरोप गेल्यावर दुसऱ्या दिवशी दारात येतो, हे सगळं त्यांना न विचारता कळत होतं. वर्षानुवर्षांची ती पाहणी होती. गाव सोडताना तुम्ही घराबरोबर ती पाहणीही मागे ठेवून आलात, म्हणून तुम्हाला इथे अंधारात चाचपडल्यासारखं वाटतंय.

पुण्यातल्या प्रत्येक बिल्डरबद्दल अशी माहिती आहे. ती त्याने आधी बांधलेल्या इमारतींत राहणाऱ्या लोकांकडे आहे, आणि ती घ्यायला तुम्हाला तिथे जावं लागेल.

जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. होर्डिंगवरचं नाव आणि करारनाम्यावरचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं. मोठ्या समूहांमध्येही प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी भागीदारी पेढी किंवा कंपनी काढतात. काही ठिकाणी तर जमीन एकाची, पैसा दुसऱ्याचा, बांधकाम तिसऱ्याचं आणि मोठं नाव फक्त विक्रीपुरतं घेतलेलं असतं. उद्या तुमचं भांडण होईल ते करारनाम्यावर सही करणाऱ्याशी. म्हणून वाघोलीच्या त्या पानावर 'प्रवर्तक' म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा, भागीदार कोण आहेत ते बघा, आणि याच मंडळींनी यापूर्वी कोणती इमारत पुरी केली ते विचारा. "आमच्या ग्रुपने पंचवीस वर्षांत इतके लाख चौरस फूट बांधलं" हे उत्तर घेऊ नका. इमारतीचं नाव आणि पत्ता मागा.

इमारत निवडताना ताबा देऊन सात-आठ वर्षं झालेली निवडा. नवी इमारत सगळीच छान दिसते. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी कायद्याने ताब्यापासून पाच वर्षं बिल्डरवर असते. त्या काळात दोष लेखी कळवला की तीस दिवसांत त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. पाच वर्षं त्याने कशी निभावली आणि त्यानंतर माणूस म्हणून कसा वागला, हे दोन्ही आठव्या वर्षी कळतं.

मागच्या वर्षी भाचीसाठी मी अशी एक इमारत बघायला गेले होते, खराडीच्या पुढे. शुक्रवारी संध्याकाळी सातला गेलो. ती वेळ चांगली, लोक कामावरून परतलेले असतात आणि स्वयंपाक अजून व्हायचा असतो. वॉचमनला खरं ते सांगितलं, "याच बिल्डरकडे घर घ्यायचं मनात आहे, इथल्या कोणाशी बोलता येईल का?" त्याने सेक्रेटरींना फोन लावला. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पाच मिनिटांत फाइल घेऊन खालीच आले. तोवर मी पार्किंगमध्ये फिरत होते. दोन कॉलमच्या बुंध्याशी पांढरी खार फुटलेली, छतातल्या ड्रेनेजच्या पाइपच्या सांध्याखाली बादली ठेवलेली. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी आम्हाला घरात नेलं. बेडरूममधलं कपाट थोडं पुढे ओढून मागची भिंत दाखवली, त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम. कमरेच्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे निघालेले, हात लावला तर गार आणि ओलसर. मग त्यांनी दहा रुपयांचं नाणं घेऊन हॉलमधल्या फरशा वाजवून दाखवल्या. एक भरीव वाजायची, शेजारची पोकळ. खाली सिमेंट नीट भरलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षात तीनदा माणसं पाठवली. चौथ्यांदा फोन केला तेव्हापासून उचलला नाही." पण त्याच पुढे असंही म्हणाल्या की ताबा ठरल्या तारखेला दिला, भोगवटा प्रमाणपत्रासकट (इमारत राहायला योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्यासकट) दिला, आणि सोसायटीच्या नावावर जमीन करून दिली, त्यासाठी आम्हाला एकही चक्कर मारावी लागली नाही.

भाचीने त्याच बिल्डरकडे घर घेतलं. कागदांत सरळ आणि वॉटरप्रूफिंगमध्ये ढिला, हे आम्हाला कळलं होतं. म्हणून बाथरूमच्या फरश्या बसवण्याआधी तळाशी पाणी कोंडून दोन दिवस ठेवायचं आणि खालच्या मजल्यावरून छत बघायचं, ही चाचणी आमच्यासमोर व्हावी असं आम्ही लेखी मागून घेतलं. पहिल्यांदा छताला एक ओला डाग आला. तो तेव्हाच दुरुस्त झाला. निर्दोष बिल्डर मला एकोणतीस वर्षांत भेटला नाही. कोणाची काय खोड आहे ते आधी कळलं तर तिच्यावर इलाज करता येतो, आणि जी खोड इलाजापलीकडची आहे त्या दारातून परत फिरता येतं.

सेक्रेटरींना विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. करारनाम्यात ताब्याची तारीख कोणती होती आणि प्रत्यक्ष किल्ली कधी मिळाली? भोगवटा पूर्ण मिळाला की काही मजल्यांचाच? सोसायटी कधी स्थापन झाली? सुरुवातीला दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतला होता त्याचा हिशेब दिला का? आणि अभिहस्तांतरण झालं का, म्हणजे इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली का?

या शेवटच्या प्रश्नावर मी थोडं थांबते, कारण तो माझ्या अंगावर आलेला आहे. मीही तुमच्यासारखीच बाहेरून आलेली, सोलापूरची. १९९९ साली इथल्या एका उपनगरात घर घेतलं. बिल्डरचं नाव लिहीत नाही, त्याने तो धंदा आता सोडलाय. गोड बोलणारा माणूस, दसऱ्याला घरी येऊन सोनं द्यायचा. जमिनीचं मात्र "करू, करू" म्हणत राहिला. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याप्रमाणे ते करून देणं त्याच्यावर बंधनकारक होतं, पण आम्हा बत्तीस कुटुंबांत कोणालाच त्याची निकड वाटली नाही. पुढे आवारातल्या मोकळ्या कोपऱ्यात त्याने आणखी एक इमारत उठवायला घेतली, तेव्हा आम्ही जागे झालो. जमीन कागदावर अजून मूळ मालकांच्या नावावर होती आणि मधल्या काळात त्यातले दोघे वारले होते, वारस चौदा. शेवटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डर पुढे आला नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून मिळण्याचा, अर्ज केला आणि २०१८ साली जमीन आमची झाली. एकोणीस वर्षं. त्या खटाटोपात सोसायटीतल्या शेजाऱ्याशेजाऱ्यांची बोलणी बंद झाली, ती अजून पुरती सुरू झालेली नाहीत. म्हणून सांगते, ज्याच्या सात-आठ वर्षं जुन्या इमारतीचं अभिहस्तांतरण झालेलं नाही त्याला कारण विचारा आणि ते कारण दुसऱ्या कोणाकडून तरी पडताळून घ्या.

कागदांचं काम वकिलावर सोडा, पण पूर्ण सोडू नका. एक वकील तुम्ही नेमा. बिल्डरच्या ऑफिसात बसलेला, "फी आम्हीच देतो" असं सांगून पुढे केलेला वकील बिल्डरचा असतो. तुमच्या वकिलाने सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट बघावा. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात बोजा आहे का ते तुम्हालाही वाचता येईल, शेतकऱ्यांच्या घरात वाढलेल्या कोणालाही येतं. प्रकल्पावर कर्ज असणं वाईट नाही, पण मग बिल्डरला तो फ्लॅट तुम्हाला विकायला त्या बँकेचं ना-हरकत पत्र लागतं.

महारेराच्या पानावर आणखी दोन गोष्टी बघा. एक, पूर्णत्वाची मूळ तारीख आणि आत्ताची सुधारित तारीख. दोनदा मुदतवाढ घेतलेली असेल तर सेल्समनच्या 'अडीच वर्षां'ना अर्थ नाही. दुसरी, कामाची प्रगती. ग्राहकांकडून घेतलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर व सीए यांच्या दाखल्यांवर, झालेल्या कामाच्या प्रमाणात काढायचे, असा कायदा आहे. हे दाखले तिथे चढवलेले असतात. दाखल्यात दहा स्लॅब आणि साइटवर सहा दिसले तर तिथून निघा. मोजणं अवघड नाही, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून मजले मोजायचे.

हप्त्यांचं वेळापत्रकही असंच ताडून बघा. महाराष्ट्रातल्या आदर्श करारनाम्यात टप्पे दिलेत: करारनाम्यानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब होईपर्यंत ७०, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा मिळून ताबा घेताना. वाघोलीवाला सुरुवातीलाच निम्मे पैसे मागत असेल तर त्याचं दुसरीकडे कुठेतरी अडलंय. "ताब्यापर्यंत हप्ता नाही, आम्ही भरतो" ही योजना पुढे केली तरी सावध राहा. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने हप्ते थांबवले की बँक तुमच्या दारात येते. बांधकाम झालं नसताना कर्जाची मोठी रक्कम बिल्डरला आधीच देऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंय.

"रेरा आहे ना, मग काय काळजी" असंही कोणी म्हणेल. रेरामुळे फार फरक पडला, २०१७ च्या आधीचे दिवस मी बघितलेत. ताबा लांबला तर महिन्याचं व्याज मागता येतं, नाहीतर व्याजासकट पैसे परत घेऊन बाहेर पडता येतं. पण महारेराचा आदेश हातात येणं आणि पैसे हातात येणं यात अंतर आहे. बिल्डरने आदेश पाळला नाही तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि त्याच्या मालमत्तेतून वसुली व्हायची वाट बघावी लागते. तो रस्ता आहे हे माहीत असू द्या. त्या रस्त्याने जायची वेळ येऊ नये म्हणून आत्ता पायपीट करायची.

आता पाणी. हे मी लातूरकरांना काय सांगावं! २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण पुण्यात येणारी माणसं धरणांकडे बघून निर्धास्त होतात आणि उपनगरात आली की फसतात. वाघोली जून २०२१ मध्ये महापालिकेत आली, नळाचं पाणी त्या वेगाने आलेलं नाही. पाण्याची सोय नसलेल्या भागात परवानगी देताना, महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पाणी पुरवू, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलं जातं. सोसायटी ताब्यात दिल्यावर तो खर्च अलगद रहिवाशांवर येतो. ते हमीपत्र दाखवा म्हणा. आणि शेजारच्या सोसायटीत जाऊन एप्रिल-मे महिन्यांचं टँकरचं बिल विचारा, घरटी किती पडलं ते. मोशी पिंपरी-चिंचवडमध्ये येते, तिथे नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाण्याची पद्धत आली. म्हणून तिथल्या इमारतीत टाक्या किती लिटरच्या आहेत आणि दोन दिवस पुरतात का, हे बघून या.

तिन्ही घरांबद्दल माझं मत विचाराल तर चिखलीचं आजच सोडा. दोन गुंठे म्हणजे साधारण दोनशे चौरस मीटर. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवर महारेराची नोंदणी लागत नाही, म्हणून अशा इमारती त्या जाळ्यातून निसटतात. नोटरीने मालकी मिळत नाही, ती नोंदणीकृत दस्तानेच मिळते. उद्या घर विकायचं किंवा गहाण ठेवायचं म्हटलं तर कोणतीही बँक दारात उभं करणार नाही. रजिस्ट्री "पुढे बघू" म्हणतात याचा अर्थ आत्ता होत नाही, आणि का होत नाही ते ते सांगणार नाहीत. त्यात तो भाग इंद्रायणीकाठचा. मे २०२५ मध्ये चिखलीतच निळ्या पूररेषेत, म्हणजे नदीच्या पुराचं पाणी पोचतं त्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात, बांधलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. लोकांनी आयुष्याची कमाई घालून ते बांधले होते. बुलडोझर आला तेव्हा रस्त्यावर सामान घेऊन उभी राहिली ती विकत घेणारी माणसं. ३६ लाख हा आकडा ओढ लावणारा आहे हे मला समजतं. तुमच्यासारखी घरं याच आकड्यावर अडकतात म्हणून इतकं कळकळीने लिहितेय.

वाघोलीचं मी तुमच्यासाठी मागे ठेवते. बिल्डर चांगला निघाला तरी यजमानांनी रोज वाघोलीहून चाकणला जायचं आणि यायचं, त्यात नगर रस्त्याची गर्दी एका टोकाला आणि चाकण चौकातली दुसऱ्या टोकाला. शिवाय अडीच वर्षं घरभाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही. ६८ लाखांवर बांधकाम सुरू असताना ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ३ लाख ४० हजार. भोगवटा मिळालेल्या घरावर तो लागत नाही. मोशीच्या ७४ लाखांशी तुलना करताना हे धरा. 'कार्पेट', म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ, म्हणून सांगितलेल्या आकड्यात बाल्कनी धरलीय का तेही विचारा. रेराच्या व्याख्येत घराच्या आतल्या भिंती येतात, बाल्कनी येत नाही.

मोशीचं घर मला सगळ्यात जवळचं वाटतं, पण "तयार इमारत" एवढ्या शब्दावर नाही. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत हातात घ्या, त्यावर तुमच्या मजल्याचा उल्लेख आहे का ते वाचा. तयार घराचा मोठा फायदा हा की मोजून, वाजवून, पाणी ओतून घेता येतं. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे येतं ते बघा. सगळे नळ एकदम सोडा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे फ्रेम भिंतीला टेकते, तिथे बोट फिरवा, एका पावसाळ्याची ओल तिथे सापडते. मोजायला टेप न्या. पार्किंग कोणतं ते जागेवर जाऊन खूण करून घ्या, आणि त्याचा क्रमांक व माप करारनाम्यात लिहून घ्या. उघड्या पार्किंगची स्वतंत्र विक्री करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलंय, तरी त्याचे दोन-तीन लाख अजून मागितले जातात.

घर एकट्या तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ७४ लाखांवर ७४ हजार वाचतात. यजमानांशी बोलून बघा.

दिरांच्या ओळखीचं थोडं नाजूक आहे. ओळखीतला माणूस म्हणून कागद मागायला संकोच वाटतो, आणि बिल्डरही "घरचंच आहे, कागद काय घेऊन बसलात" म्हणतो. हा संकोच फार महाग पडतो. भाऊजींना आधीच सांगा, "तुम्ही ओळख करून दिलीत, आता पुढचं वकील बघतील, म्हणजे उद्या काही झालं तर तुमच्यावर बोल येणार नाही." त्यांनाही ते बरं वाटेल. बिल्डरने त्यांना काही देऊ केलं असेल तर त्याची चौकशी करू नका. किमतीची बोलणी मात्र तुम्ही आणि यजमानांनी समोरासमोर बसून करा.

लातूरचं घर विकलंय म्हणून घाई होतेय का, असं पत्र वाचताना मला सारखं वाटलं. भांडवली नफ्यावरची सूट मिळवायला तयार घर विक्रीपासून दोन वर्षांत घ्यावं लागतं आणि बांधायचं असेल तर तीन वर्षांत पुरं व्हावं लागतं. तोवर नफ्याची रक्कम, विवरणपत्राची मुदत संपण्याआधी, बँकेतल्या भांडवली नफा खात्यात ठेवता येते. सीएला विक्रीची तारीख सांगून हे पक्कं करून घ्या. म्हणजे तुमच्या हाताशी वेळ आहे. मी तुमच्या जागी असते तर मे महिन्यात मोशीलाच, शक्य झालं तर त्याच इमारतीत किंवा शेजारच्या, वर्षभर भाड्याने राहिले असते. मुलीची शाळा एकदा ठरली की तिला मधे बदलावी लागू नये, हे बघून. एक उन्हाळा टँकर मोजता येतात, एक पावसाळा छत बघता येतं. सासूबाईंना देऊळ आणि दवाखाना पायी किती लांब आहे तेही कळतं.

रविवारी पुण्याला यायचं ठरलंच असेल तर वाघोलीला जाऊ नका. मोशीच्या बिल्डरकडून त्याच्या जुन्या इमारतीचा पत्ता घ्या आणि संध्याकाळी साडेसहाला तिथे जा, सासूबाईंना घेऊन. खाली बाकावर त्यांच्या वयाच्या बायका बसलेल्या असतील. सासूबाईंना त्यांच्याजवळ अर्धा तास बसू द्या, तुम्ही तोवर सेक्रेटरींना भेटा. गळती कुठे आहे, लिफ्ट महिन्यात किती वेळा बंद पडते, कोणी घर विकून गेलं आणि का, हे त्या बाकावर जितकं कळेल तितकं मला इथे बसून सांगता येणार नाही. काय कळलं ते मला लिहा, मोशीच्या करारनाम्याचा मसुदा मिळाला तर तोही पाठवा, मी वाचून देईन.